फोटोसाठी जागा निवडताना



बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी जवळ आली की ऊसतोडीच्या टोळ्यांची निघायची तयारी सुरू होते. काही मुलं आजीजवळ मागे राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. वर्ग निम्मा होतो. म्हणून ऑक्टोबर महिन्यात मी माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचा एक फोटो काढते. एक प्रत घरच्यांना आणि एक वर्गाच्या भिंतीवर. बऱ्याच घरांत मुलाचा कागदावर छापलेला तेवढाच फोटो असतो. त्यामुळे तो 'कसाही' काढून चालत नाही.

कॅमेरा कोणता, हे मला सगळेच विचारतात. माझा साधा मोबाईलच आहे. खरं काम जागा निवडण्यात असतं.

सावली मोजा

भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली, नाकाखाली काळी सावली पडते आणि मुलं डोळे बारीक करतात. यावर सोपी युक्ती म्हणजे आपली सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन फार वरून येतंय, थांबायचं. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर ऊन तिरपं आहे, काम सुरू करायचं. ऑक्टोबरात आमच्याकडे सकाळी साधारण साडेनऊपर्यंत आणि दुपारी तीननंतर अशी वेळ मिळते. मुलं काठी आणि मोजपट्टी घेऊन सावली मोजतात, परिसर अभ्यासाचा पाठही होऊन जातो.

उत्तरेची बाजू

शाळा भरल्यावर फोटो काढायचे तर इमारतीच्या उत्तरेकडची भिंत गाठा. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो, त्यामुळे या बाजूला दिवसभर सावली असते. वर आभाळ मोकळं असल्यानं उजेड मात्र भरपूर आणि मऊ मिळतो. मे महिन्यात उन्हाची दिशा बदलते, तेव्हा ही जागा पुन्हा तपासावी लागते.

झाडाखालची सावली बघायला छान वाटते, पण लिंबाच्या पानांतून कवडसे पडतात आणि चेहरा ठिपक्यांचा होतो. झाडाच्या सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या जागेकडे करून मुलाला उभं करा. एका बाजूनं चेहरा अंधारा वाटला तर दुसऱ्या मुलाच्या हातात पांढरा ड्रॉइंग पेपर द्या. कागदावरून उजेड परततो आणि डोळ्यांत चमक येते. कागद धरायला तर भांडणं लागतात!

मागे काय आहे?

आपल्या बोलक्या भिंती शिकवायला उत्तम, पण फोटोत मुलाच्या डोक्यामागे बाराखडी नि नकाशा गर्दी करतात. हिरव्यागार रंगवलेल्या भिंतीला चिकटून उभं केलं तर गालावरही हिरवट झाक येते. भिंतीपासून सहा-सात फूट पुढे या. डोक्यातून विजेचा खांब उगवलाय का, तेही बघा. आपण गुडघ्यावर बसून मोबाईल मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणायचा. अगदी जवळ गेलं की नाक मोठं दिसतं, म्हणून चार पावलं मागे.

पांढऱ्या सदऱ्यामुळे मोबाईल फसतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा, उजेड जुळतो. गोरं करणारे फिल्टर मी वापरत नाही. मूल जसं आहे तसंच आजीला बघायचं असतं.

जागा मुलालाही विचारा

हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. उजेड कितीही चांगला असो, मूल आखडलं तर फोटो ओळखपत्रासारखा येतो. मी आदल्या दिवशी विचारते, "तुला कुठं उभं राहायचंय?" चौथीतली एक अबोल मुलगी म्हणाली, "हापशापाशी." तिथं ती रोज मैत्रिणींना पाणी हापसून देते. मग आदल्या दिवशी त्याच वेळेला हापशापाशी जाऊन बघितलं. ऊन कुठून येतं, चिखल आहे का, जनावरं पाण्यावर कधी येतात. दुसऱ्या दिवशी ती दांड्यावर हात ठेवून उभी राहिली आणि काही न सांगता हसली. ती फडावर गेल्यावर तिची आजी मला म्हणाली, "बाई, असंच हसती बघा माझी नात."

निघण्याआधी

- मोबाईल चार्ज करा, मऊ फडक्यानं लेन्स पुसा.
- पालकांना आधी विचारा. मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका.
- रस्ता, विहीर, विजेच्या तारा यांपासून लांबची जागा घ्या.
- कंगवा, रुमाल आणि प्यायचं पाणी जवळ ठेवा.
- एका दिवशी पाच-सहाच मुलं घ्या, घाई नको.

टोळ्या पाडव्याच्या आसपास परततात. आलेलं मूल आधी भिंतीवर आपला फोटो शोधतं, आणि आपण किती उंच झालो हे शेजारच्याला विचारतं. तुमच्या शाळेतूनही मुलं स्थलांतर करत असतील तर यंदा ती निघण्याआधी एवढं नक्की करून बघा.