दांत्यांचा हिशेब

यंत्र चढणीला थकूं लागलें कीं त्याहून मोठें यंत्र आणावें, ही सूचना हल्लीं कोणासही प्रथम सुचते. ती विचाराची असतेच असें नाहीं. खर्चाची मात्र खात्रीनें असते. गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत चिरंजीवांकडे आमचा मुक्काम असतांना आमच्या सोळा वर्षांच्या नातवानें ती घरांत मांडली. त्याच्याजवळ एक मिनीबाइक आहे: पाण्याच्या पंपाला लावतात तसल्या २१२ घन सेंटिमीटरच्या इंजिनावर धांवणारी, बुटकी, गिअर बदलण्याची सोय नसलेली दुचाकी. सपाटीवर ती तासाला ६५ किलोमीटर जाई. घरामागून डोंगरांत चढणाऱ्या जुन्या खाणीच्या वाटेवर मात्र पहिल्याच खड्या टप्प्यांत ती कण्हत उभी राही व क्लचांतून जळका वास सुटे. असे दोन क्लच खर्ची पडले होते. नातवाला दुप्पट शक्तीचें इंजिन हवें होतें. सूनबाईंना दुचाकीच घरांतून जावयास हवी होती. "आबा, तुम्हीच सांगा," असें दोघांनींही म्हटल्यामुळें पंचाची जागा आमच्याकडे आली.

आम्हीं कागद-पेन्सिल मागविली. तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलेल्या मनुष्याला दुसरें शस्त्र चालवितां येत नाहीं. इंजिनाकडील चकतीला १२ दांते व मागल्या चाकाच्या चकतीला ६०. म्हणजे इंजिनाचे पांच फेरे होतात तेव्हां चाकाचा एक होतो. वाटेची चढण चारास एक. स्वार व दुचाकी मिळून १२० किलो. तें वजन त्या चढणीवर सुमारें २९ किलोंच्या जोरानें मागें ओढतें. त्यांतून गांव समुद्रसपाटीपासून ९,००० फूट उंच. विरळ हवेंत हजार फुटांमागें इंजिनाची शक्ति सुमारें ३ टक्क्यांनीं घटते, तेव्हां चौथ्या हिश्शाहून अधिक शक्ति आधींच गेलेली. उरलेल्या शक्तीनें १९ इंची चाक जमिनीला जो रेटा देई, तो जेमतेम १७ किलोंचा. आपल्या बोरघाटांत रेल्वेची चढण सदतिसास एक, तरी तेथें गाड्यांना मागून जादा इंजिनें लावावीं लागतात, असें आम्ही सहज बोलून गेलों. नातवानें तें उदाहरण तत्काळ आपल्या बाजूला ओढलें. "मग मलाही जादा इंजिन द्या!" रेल्वेला हजारएक टन ओढून शिवाय वेळापत्रक पाळावयाचें असतें, तुला तें नाहीं, असें सांगून आम्ही पुढें चाललों.

खरी गोम क्लचांत होती. हा क्लच आपोआप लागणारा. इंजिन वेगानें फिरूं लागलें कीं त्याचे आंतले तुकडे बाहेर फेंकले जातात व भोंवतालच्या डब्याला घट्ट धरतात. पण त्यासाठीं मिनिटाला सुमारें २,४०० फेरे लागतात. पांचास एक या प्रमाणांत २,४०० फेरे म्हणजे ताशीं ४४ किलोमीटर! याहून हळू जात पूर्ण जोर मागितला कीं क्लच घसरणार, तापणार, जळणार. त्या दगडगोट्यांच्या वाटेवर पंधरा-वीसच्या वेगानें जाणेंच शहाणपणाचें. तेव्हां दुप्पट शक्तीचें इंजिन आणूनही क्लच घसरलाच असता, फक्त अधिक लवकर जळाला असता. हें ऐकून नातू बराच वेळ गप्प बसला.

प्रमाण बारास एक केलें कीं रेटा ४१ किलोंवर जातो. साखळ्यांच्या घर्षणांत थोडा गेला तरी चढण सर होते, आणि क्लच ताशीं १८ किलोमीटरलाच पक्का धरतो. पण पुढें १२ दांते असतां मागें १४४ हवेत, आणि अर्ध्या इंची साखळीची तेवढी चकती २३ इंच व्यासाची, म्हणजे चाकाहूनही मोठी होईल! म्हणून मध्यें एक जादा आस बसवावयाचा: इंजिनापासून आसापर्यंत १२ व २४, आसापासून चाकापर्यंत १२ व ७२. दोन टप्प्यांनीं काम होतें. नवें कांहींच नाहीं. १९६० च्या सुमारास आयडाहो राज्यांतील बॉयसी गांवच्या हर्ब उल या विक्रेत्यानें होंडाच्या लहानशा ५० घन सेंटिमीटरच्या गाडीला मागें मोठी चकती लावून ती डोंगरांत चालविली होती. पुढें कंपनीनें स्वतःच तशा गाड्या काढल्या, आणि कांहींना मागें दोन चकत्या दिल्या, एक रस्त्यासाठीं व एक डोंगरासाठीं.

अडचण किंमतीची होती, आणि ती डॉलरांत नव्हती. वेग ६५ वरून २७ वर येणार होता. सपाट रस्त्यावर मित्र त्याला मागें टाकून जातील, हें त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतें. आम्हीं आग्रह केला नाहीं. दोन दिवसांनीं त्यानें सामान मागविलें.

सूनबाईंनीं एक अट घातली, आणि ती आमच्या सर्व गणितापेक्षां मोलाची होती: आधीं ब्रेक. या प्रमाणांत उतारावर दुचाकी २७ च्या पुढें सोडली तर चाकच इंजिनाला मर्यादेबाहेर फिरवितें, आणि वेग फार उतरला कीं क्लच सुटून इंजिनाचा अडसर नाहींसा होतो. उतार ब्रेकच्याच भरंवशावर. ब्रेकच्या पट्ट्या नव्या आल्या, दोन्ही साखळ्या एका रेषेंत आहेत कीं नाहींत हें दोरी धरून पाहिलें, आणि मगच दुचाकी वाटेला लागली. ती कण्हली नाहीं. धांवणाऱ्या माणसाच्या वेगानें, एकसारखा आवाज करीत, ती वळणाआड गेली. जळका वास आला नाहीं.

आठवड्यानें नातू कागद घेऊन आमच्यापुढें आला. मागल्या ७२ च्या शेजारीं ४८ दांत्यांची आणखी एक चकती बसवितां येईल काय, म्हणजे शाळेच्या रस्त्यापुरती साखळी तिच्यावर घालतां येईल, असा त्याचा प्रश्न होता. खालीं उत्तर त्यानेंच काढलें होतें: आठास एक, ताशीं ४१ किलोमीटर. आम्हीं चष्मा लावून आंकडा पुन्हां मांडून पाहिला. बरोबर होता.