पुढे पाठवण्यापूर्वी

आपली नातवंडे वाचत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी करतो. वास्तविक ती दिवसभर वाचत असतात. मोबाइलवरील संदेश, थट्टा, छायाचित्रांखालचे शेरे यांवरच त्यांची मैत्री जुळते आणि तुटतेही. त्यामुळे हे वाचन त्यांच्या मनःस्वास्थ्याशी निगडित आहे.

ते चुकले, तर काय घडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेवर पोट भरणाऱ्या पाच निरपराधांचा जीव घेतला. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने जाहीर केली. परंतु थांबण्याचा विवेक यंत्र शिकवत नाही. तो घरातच शिकावा लागतो.

माझी नात नववीत आहे. तिच्या वर्गाच्या गटात एका मुलीचे छायाचित्र कुत्सित मजकुरासह फिरू लागले. "आजी, सगळे हसताहेत. मी हसले नाही, तर एकटी पडेन," ती म्हणाली. मोबाइलची माझी जाण बेताचीच. पण पत्र दोनदा वाचून मगच उत्तर लिहिण्याची सवय जुनी. आम्ही दोघींनी तो मजकूर पुन्हा वाचला. हे कोणी लिहिले? कशासाठी? छायाचित्राला त्या मुलीची संमती होती का? ती हे वाचील, तेव्हा तिचे काय होईल? नातीने ते पुढे पाठवले नाही. त्या मुलीला दोन धीराच्या ओळी लिहिल्या आणि वर्गशिक्षिकांना सर्व सांगितले.

हेच प्रश्न आपणही घरी विचारावेत. संदेशावर दोन बाण दिसले, तर तो अनेक हातांतून आला आहे, हे ओळखायला शिकवावे. लेखी शब्दाला आवाज नसतो. शंका आल्यास फोन करून बोलावे, हे सांगावे. कोणी छळत असेल, तर तो मजकूर पुराव्यासाठी जपून ठेवावा आणि १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाचा आधार घ्यावा.

एक मात्र करू नये: रागाने मोबाइल हिसकावून घेऊ नये. तसे केल्यास पुढच्या वेळी मूल आपल्यापाशी येणार नाही, आणि ते येणे हीच त्याची खरी सुरक्षितता आहे.