गुळेदगुड्डचा खण आणि दिवाणखान्यातल्या उशा

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. तुमच्या कपाटात ओटीत आलेले किती खण पडून आहेत? तिकोनी घडीचे, नारळाच्या शेंडीचे धागे चिकटलेले, घालवत नाहीत आणि टाकवतही नाहीत असे? माझ्याकडे अकरा होते. त्यातले बरेचसे बाजारी, झुळझुळीत, कृत्रिम धाग्याचे. खरा म्हणावा असा एकच, सासूबाईंच्या लग्नातला, अंजिरी रंगाचा. हातात घेतला की उजेडात तो कधी तांबडा दिसतो, कधी काळपट. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे ही धूपछाव.

आपण सगळ्या याला ‘धारवाडी खण’ म्हणतो. पण तो विणला जातो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड या गावी. आमच्या घरची कुलदेवता बदामीजवळची बनशंकरी. सोलापूरहून विजापूर, बागलकोट करत जाणारी गाडी बदामीला थांबते. दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन कुळाचाराला जायचं ठरलं, तेव्हा मी हळूच सांगून ठेवलं, की एक दिवस गुळेदगुड्डसाठी हवा. दिवाणखान्यातल्या सोफ्याच्या उशांना नवे अभ्रे शिवायचे होते आणि ते खणाचेच शिवायचे असं माझ्या मनानं घेतलं होतं.

बदामीचं स्टेशन गावापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. गाव लाल दगडाच्या डोंगराच्या कुशीत, मध्ये अगस्त्य तीर्थ, आणि त्याच्या पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायका. लेण्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही, त्यावर पुस्तकं आहेत. तिसऱ्या लेण्यात मात्र जरा थांबा. हे लेणं इसवी सन ५७८ चं, तसा शिलालेखच तिथं आहे. व्हरांड्यात शेषावर बसलेला विष्णू आहे. शेषाची वेटोळी एकावर एक अशी रचली आहेत, की आपल्याला बैठकीवरच्या गाद्या-तक्केच आठवावेत. (माकडांपासून पिशव्या सांभाळा. त्यांना केळी आणि पर्स यांतला फरक कळत नाही.)

बनशंकरी तिथून पाचेक किलोमीटर. पौषी पौर्णिमेला रथ असतो आणि पुढे जत्रा भरते. तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही ती वेळ टाळली. देवळासमोर मोठं तळं आहे, त्याला हरिद्रातीर्थ म्हणतात. देवी काळ्या पाषाणाची, सिंहावर बसलेली, आठ हातांची. शाकंभरीचंच रूप, त्यामुळे उत्सवात भाज्यांचा मान मोठा. बाहेर बायका टोपल्यांतून ज्वारीच्या कडक भाकऱ्या, चटणी, दही विकतात. झाडाखाली बसून ते जेवण जेवा, खानावळ शोधत बसू नका.

ओटी भरताना सासूबाईंनी मला विचारलं, “खणाच्या उशा शिवायच्या म्हणतेस ना? म्हणजे देवीच्या ओटीत घालायचं वस्त्र, त्याला उद्या येणारेजाणारे पाठ लावून बसणार?”

मी गप्प राहिले. कारण प्रश्न खरा होता. तुम्हालाही घरात कुणी ना कुणी हा विचारणारच. खण म्हणजे नुसतं कापड नव्हे. डोहाळजेवणाला, पाठवणीला, देवीला, सवाष्णीला दिलेला तो मान आहे. त्याला कात्री लावून चोळी शिवली तर ती अंगावर, मानानं. उशी म्हणजे दुपारी पोरं डोक्याखाली घेणार, भांडणात एकमेकांवर फेकणार.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं गुळेदगुड्डला गेलो. वीस-पंचवीस किलोमीटर असेल. आम्ही सोलापूरकर, मागाचा आवाज आम्हाला नवा नाही. पण इथला आवाज निराळा. यंत्रमागाचा सतत खडखडाट नव्हे, तर घरातून येणारा थांबून थांबून ‘खट्... खट्’. एका दुकानदारानं आम्हाला मागच्या गल्लीतल्या एका विणकराच्या घरी नेलं. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसलेला माणूस, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा पळवायचा. ताणा रेशमी, बाणा सुती, दोन्ही बाजूंना किनार. मधल्या बारीक नक्षीसाठी वर डॉबी बसवलेली. नक्ष्यांना नावं आहेत. रथाच्या नक्षीला ‘तेरू’ म्हणतात, कानडीत रथाला तेरूच म्हणतात. एक नक्षी सूर्यनारायणाची.

आमच्या सासूबाईंचं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी त्यांना छान येतं. विणकराच्या बायकोशी त्यांचं जे सुरू झालं ते मला निम्मंच कळलं. ती बाई बॉबिन भरत होती, हात थांबला नाही. तिचं म्हणणं असं, की पूर्वी खेड्यापाड्यातल्या बायका इरकलीवर खणाची चोळीच घालायच्या, तेव्हा विकायची चिंता नव्हती. आता मुली ब्लाऊज तयार घेतात. ओटीला लोक खण घेतात, पण यंत्रावरचा, स्वस्त, कारण तो कुणी वापरणारच नसतं. या ओटीतून त्या ओटीत फिरतो. तिच्या तिन्ही मुलांपैकी मागावर कुणी बसत नाही. “पर्स शिवणारे, उशा शिवणारे येतात, मीटरवर नेतात. त्यांच्यावर चाललंय.”

सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी त्या बाईकडून एक खण ओटीसाठी घेतला, हिरवा, आणि बाजूला ठेवला. आणि मला म्हणाल्या, “उशीचं तू मीटरवर घे. ओटीतल्याला कात्री लावायची नाही, आणि जमिनीवरच्या गादीला हे घालायचं नाही. पाय लागतात.” एवढीच त्यांची अट. ती मी आजवर पाळते, आणि मला ती योग्यही वाटते.

आता हिशेब सांगते, म्हणजे तुम्ही कापड कमीजास्त आणणार नाही. मी आणलेल्या खणाचा पन्हा किनारीसकट तीस इंच भरला. (टेप बरोबर न्या. प्रत्येक मागाचा पन्हा सारखा नसतो.) एक मीटर म्हणजे एकोणचाळीस इंच लांबी. दोन्ही किनारी अडीच-अडीच इंचाच्या कापून काढल्या, की मध्ये पंचवीस इंच रुंद कापड उरतं. सोळा इंची उशीला सतरा इंचाचा चौकोन लागतो, चारही बाजूंनी अर्धा अर्धा इंच शिवणीत जातो. म्हणजे एका मीटरमध्ये दोन उशांचे पुढचे भाग झाले आणि आठ इंच रुंद लांब पट्टी उरली. ती टाकू नका.

कापलेल्या किनारीच आपली लेस. सोनेरी गोटा, मोत्यांची लेस, टिकल्या असलं काही बाजारातून आणून खणावर लावू नका. नऊवारीवर नायलॉनची ओढणी घेतल्यासारखं दिसतं. दोन किनारींतून सतरा इंचाचे चार तुकडे निघतात. एका उशीला चारही बाजूंनी चौकट करा, किंवा दोन उशांना समोरासमोरच्या दोन बाजूंना लावा. मी दुसरं केलं. त्यात कोपरे तिरके जुळवायची कटकट नाही. चौकट हवीच असेल, तर कोपऱ्यावर किनार पंचेचाळीस अंशांत दुमडून आधी धावदोरा घाला, मगच मशीन. किनारीचा बाहेरचा काठ विणीतच बंद असतो, त्यामुळे कापलेली बाजू तेवढी पाव इंच आत दुमडावी लागते. बंद काठ उशीच्या मध्याकडे ठेवा आणि कापलेली बाजू शिवणीत जाऊ द्या, म्हणजे तेही काम वाचतं.

खणाचे धागे फार सुटतात. म्हणून कापल्याबरोबर मागे मांजरपाटाचं अस्तर टाचून घ्या. मांजरपाट आधी धुऊन आटवलेला हवा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि वरचा खण फुगतो. सुई ११ नंबरची, टाका बारीक. अभ्र्याची मागची बाजू जुळत्या रंगाच्या साध्या सुती कापडाची करा. सतरा बाय बारा इंचाचे दोन तुकडे घ्या, दोन्हींची एक-एक लांब कड इंचभर दुमडून शिवा आणि एकावर एक चढवा. पाच इंच चढतं, त्यातून उशी बाहेर डोकावत नाही. चेनही नको, बटणंही नकोत. माझ्या शिवणाच्या वर्गातल्या सातवीच्या मुलींनासुद्धा हे एका तासात जमतं.

त्या उरलेल्या आठ इंची पट्टीची उरेब पट्टी काढून आत सुतळी घालून पायपिन करा. सुतळीही गरम पाण्यातून काढून वाळवलेली हवी. पायपिन लावली की कड उठून दिसते. झालर मात्र मी खणाला लावत नाही. सोळा इंची उशीचा घेर चौसष्ट इंच, झालरीला दुप्पट म्हणजे एकशेअठ्ठावीस इंच पट्टी लागणार, आणि एवढं करून किनार झाकली जाणार. गोंडे हवे असतील तर खणातून निघालेले रेशमी धागेच गोळा करून चार कोपऱ्यांना बांधा. ते शिवून टाकू नका, हुकानं अडकवा, धुताना काढता येतात.

धुण्याआधी पांढरा रुमाल ओला करून खणाच्या मागच्या बाजूला घासून बघा. रंग लागला तर पहिल्या दोन-तीन वेळा प्रत्येक अभ्रा वेगळा, गार पाण्यात, रिठ्याच्या पाण्यानं धुवा आणि पिळू नका. वाळत घालायचा तो उलटा करून, सावलीत. इस्त्री ओलसर असतानाच, मागच्या बाजूनं.

आमच्याकडे आता दोन मोरपंखी आणि दोन गुलबक्षी उशा आहेत. सासूबाई त्या सोफ्यावर बसतात, तेव्हा उशी अलगद उचलून शेजारी ठेवतात आणि ताठ बसतात. आल्यागेल्याला मात्र स्वतःच दाखवतात, मागची बाजू उलटून, अस्तरासकट. परवा त्यांनी विचारलं, येत्या पौषात जायचं झालं तर अजून किती मीटर लागेल? चुलत जावेच्या घरीही सोफा आहे म्हणे.