दोनशे छप्पन्न घरांचा तक्ता

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या हातून एक चूक घडली. ती आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगून टाकावी, असे बरेच दिवस मनात होते. वर्गात आम्ही इतरांच्या चुका तांबड्या शाईने दाखवीत असतो. तेव्हा स्वतःची एक चूक शाळेच्या वार्षिकात काळ्या शाईने छापून यावी, हे न्यायाचेच होईल.

आमच्या वडिलांची एक मारुती ८०० मोटार होती. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात प्रथम बाजारात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत कित्येक मध्यमवर्गीय घरांतील पहिली मोटार तीच. वडिलांच्या पश्चात ती आमच्या अंगणात उभी राहिली व अलिबागच्या खाऱ्या वाऱ्याने तिचा पत्रा खाऊन टाकला. दारे हातात येऊ लागली, तरी ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे इंजिन मात्र ठणठणीत होते. ते भंगारात घालण्यास आमचा हात होईना. आमच्या आईस तर संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर त्या इंजिनाचा आवाज आला म्हणजे चहाचे आधण ठेवावयाची इतक्या वर्षांची सवय.

आमचा एक जुना विद्यार्थी चौल-रेवदंड्याच्या बाजूस गॅरेज चालवितो. तो म्हणाला, "सर, पत्रा जाऊ द्या, इंजिन मला द्या. लोखंडी चौकटीवर बसवू आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात चालवून दाखवू. पण कार्बोरेटर काढून टाकू. मुलांना आता त्याचा काय उपयोग?"

त्याचे म्हणणे खरे होते. कार्बोरेटरात आत जाणाऱ्या हवेच्या ओढीने बारीक छिद्रातून पेट्रोल खेचले जाते. ना त्यास स्मृती, ना विचार. १९७९ साली बॉश कंपनीच्या मोट्रॉनिक नावाच्या यंत्रणेने पेट्रोलाचे माप व ठिणगीची वेळ ही दोन्ही कामे एकाच संगणकाकडे सोपविली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, तेव्हापासून नव्या मोटारसायकलींवरूनही कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला आहे.

आमच्या इंजिनासाठी त्याने स्पीडुइनो हा संगणक निवडला. ऑस्ट्रेलियातील जॉश स्ट्यूअर्ट यांनी आरंभिलेली ही रचना असून तिचे आराखडे सर्वांस खुले आहेत. इंजिनास बसविलेले संवेदक फेऱ्यांची गती, आत शिरणाऱ्या हवेचा दाब व उष्णता या संगणकास कळवितात. आणि ट्यूनरस्टुडिओ नावाचा कार्यक्रम लॅपटॉपवर उघडला म्हणजे या सर्व कारभाराची चोपडीच आपल्यासमोर पसरते. तिच्यात मुख्य तक्ते दोन, एक पेट्रोलाचा व दुसरा ठिणगीचा. प्रत्येकात आडवी सोळा व उभी सोळा, म्हणजे दोनशे छप्पन्न घरे. डावीकडून उजवीकडे फेऱ्यांची गती वाढत जाते, खालून वर हवेचा दाब. पेट्रोलाच्या तक्त्यातील प्रत्येक घरात, त्या गतीस व त्या दाबास सिलिंडर हवेने शेकडा किती भरतो, तो आकडा घालावयाचा. त्यावरून पेट्रोलाची झारी किती सहस्रांश सेकंद उघडी ठेवावी, हा हिशेब संगणक करितो. दोन घरांच्या मधली स्थिती आली तर शेजारच्या चार घरांवरून मधला आकडा काढितो.

हे ऐकून आम्ही मनातल्या मनात हसलो. मधला आकडा काढणे आम्हांस काय नवे? लॉगॅरिथमचे कोष्टक उघडून आम्ही वर्षानुवर्षे तेच शिकवीत आलो. आमच्या समजुतीप्रमाणे कोष्टक म्हणजे सूत्राची मुलगी. सूत्र ठाऊक असले की कोष्टक भरण्यास यंत्राचे तोंड पाहण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्याने आमची मुद्रा ओळखली असावी. तो मूळचा कोळीवाड्यातला. त्याने विचारले, "सर, भरतीची वेळ तुम्ही कशी काढता?"

"तिथीची पाऊणपट. अष्टमीस सहा वाजता."

"आणि कुलाबा किल्ल्यावर चालत जायचे तर एवढ्या हिशेबावर निघता?"

"छे! आधी किनाऱ्यावर उभे राहून पाणी पाहतो."

"इथेही तेच, सर. आधी हिशेबाने आकडा घाला, मग पाणी पाहा."

येथले पाणी म्हणजे सायलेन्सरच्या नळीत बसविलेला प्राणवायूचा संवेदक. जळून गेलेल्या वायूत प्राणवायू उरला की कमी पडला, हे तो सांगतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळावयास त्याच्या १४.७ पट वजनाची हवा लागते, हे आम्ही पुस्तकात वाचले होते व त्यावर आम्ही वादही घातला. परंतु २०२३ पासून पंपांवर शेकडा वीस भाग इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आहे. इथेनॉलास केवळ नऊपट हवा पुरते. म्हणून त्या मिश्रणास सुमारे साडेतेरापटच हवा हवी. तात्पर्य, तेवढीच हवा असता पेट्रोल जास्त सोडावे लागते. वादात आम्ही हरलो. तरीही धडा घेतला नाही, हे पुढे दिसेलच.

इंजिनावर भार पडावा म्हणून त्याने वाडीतला जुना मोठा पंप त्यास जोडला होता. हौदातले पाणी उचलून पुन्हा हौदातच सोडावयाचे. झडप जास्त उघडली की भार जास्त. या रीतीने दोन आठवडे रोज शाळा सुटल्यावर आम्ही एकेक घर दुरुस्त करीत होतो. फेरे स्थिर ठेवावे, संवेदकाचा आकडा पाहावा, घरातील आकडा एक-दोनाने वाढवावा, पुन्हा पाहावे. काम फार सावकाशीचे. एका संध्याकाळी नऊ घरे झाली तर आनंद.

सुटी लागली, आणि विद्यार्थी सुटे भाग आणण्यास एक दिवस पनवेलला गेला. ठिणगीचा तक्ता जवळजवळ कोरा होता; वरच्या ओळींत त्याने भिऊन लहान आकडे ठेविले होते. आम्हांस मोह पडला. विद्यार्थीमित्रहो, आमचे गणित पाहा, त्यात खोट सापडावयाची नाही. मिनिटास ३,००० फेरे म्हणजे सेकंदास ५०, म्हणजे सेकंदास १८,००० अंश. ज्योत सिलिंडरभर पसरावयास सुमारे दोन सहस्रांश सेकंद लागतात असे धरले, तर तेवढ्यात दांडा ३६ अंश फिरतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वी तितकी आधी ठिणगी पडावी; गती दुप्पट तर अंश दुप्पट. मोठ्या गतींस शहाणपणाने मर्यादा घालून आम्ही सोळाही ओळी सारख्याच आकड्यांनी भरून काढिल्या. पाऊण तास लागला. तक्ता इतका सुबक दिसत होता की आम्ही त्याचे छायाचित्र काढून ठेविले.

आमची चूक त्या "सारख्याच" शब्दात होती. भार वाढला म्हणजे सिलिंडरात हवा दाट भरते. दाट मिश्रणात ज्योत लवकर धावते, त्यामुळे ठिणगी तितकी आधी नको असते. तरीही ती आधीच पाडिली, तर पिस्टन वर येत असता दाब भलताच चढतो व कोपऱ्यात उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वी आपोआप भडकते. यासच इंजिन ठोकणे म्हणतात. पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा आवाज येतो. तो आवाज आला. आम्ही तो ऐकिलाही; पण पंपात खडा गेला असेल असे समजून आम्ही झडप आणखी उघडली. सहा-सात मिनिटांनी इंजिन लंगडू लागले आणि सायलेन्सरातून निळा धूर आला.

संध्याकाळी विद्यार्थी आला. त्याने मधल्या सिलिंडरचा प्लग काढून दिव्याखाली धरिला. पांढऱ्या चिनी मातीवर बारीक रुपेरी ठिपके होते. ते पिस्टनचेच ॲल्युमिनियम. दुसऱ्या दिवशी हेड उघडले, पिस्टन बाहेर काढिला, तो दोन रिंगांमधली कड तुटलेली. त्याने तो आमच्या हातात दिला. वडिलांच्या हयातीत त्या इंजिनाचे हेड कधी उघडावे लागले नव्हते.

"काय काय बदलले होते, सर?"

आम्हांस सर्व आकडे सांगता येईनात. आधीचे आकडे आम्ही पुसून टाकिले होते, व कोणता का बदलला याची कोठेही टिपणी नव्हती.

"पायऱ्या लिहिल्या नाहीत?" तो म्हणाला.

त्याच्या मनात टोमणा होता की नाही, हे आम्हांस आजही सांगता येत नाही. नववीत असताना एका उदाहरणाचे उत्तर त्याने पायऱ्यांवाचून लिहिले होते. उत्तर बरोबर होते. आम्ही शून्य दिले, आणि त्याने नक्कल केली असा शेराही मारिला. मनातल्या मनात उत्तर आले असे तो सांगत होता. आम्ही ते मानिले नाही. त्या वर्षी तो गणितात गेला. पुढे दहावीनंतर त्याने शाळेचे तोंड पाहिले नाही. त्या संध्याकाळी आम्ही त्याची क्षमा मागितली. तो "जाऊ द्या हो, सर" म्हणाला व हात धुवावयास गेला. परत आला तो एक शंभर पानी वही घेऊन. पहिल्या पानावर त्याने चार रकाने आखिले होते: घर, जुना आकडा, नवा आकडा, कारण. पनवेलला जाण्यापूर्वीच्या तक्त्यांची प्रत त्याने लॅपटॉपात जपून ठेविलेली होती, म्हणून दोन आठवड्यांचे श्रम वाचले.

येथे पालकांसाठी एक खुलासा. हे इंजिन चौकटीवरचे आहे. रस्त्यावर चालणाऱ्या वाहनात असे फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने बंधने घातली आहेत; तेव्हा कोणा चिरंजीवाने हा लेख दाखवून मोटारसायकल उघडावयाची परवानगी मागितल्यास ती देऊ नये.

नवा पिस्टन व रिंगा बसवून इंजिन नाताळापूर्वी पुन्हा सुरू झाले. खर्च आम्हीच सोसला. आईस आम्ही गॅरेजात नेऊन आवाज ऐकविला. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "चांगले चालते आहे. पण त्यांच्या गाडीचा आवाज असा नव्हता." कार्बोरेटर गेला, सायलेन्सर बदलला, तिचे म्हणणे बरोबरच होते.

आता शनिवारी नववीची काही मुले-मुली आमच्याबरोबर येतात. इंजिनाच्या अंगास तांब्याची नळी पक्की करून, तिला रबरी नळी जोडून तिचे दुसरे टोक कानाशी धरावयाचे, अशी ऐकण्याची साधी सोय विद्यार्थ्याने केली आहे. ठिणगीचा तक्ता अजून अर्धाच झाला आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यातील घरांपर्यंत आमचा पंप इंजिनास नेऊच शकत नाही. तेथे त्याने घातलेले लहान आकडे तसेच आहेत. गेल्या शनिवारी २,५०० फेऱ्यांवर आम्ही एक अंश वाढविला. आम्हांस काहीच ऐकू आले नाही. नळी कानाशी धरून बसलेल्या मुलीने मात्र हात वर केला. विद्यार्थ्याने इंजिन बंद केले, दोन अंश कमी केले, आणि वही तिच्यापुढे सरकविली. कारणाच्या रकान्यात तिने लिहिले: "वाटाणे, दोनदा."