तारामती, आनंदीबाई आणि आमचें घर

गेल्या वैशाखांतली गोष्ट. रात्रीचीं जेवणें उरकलीं होतीं. माझ्या धाकट्या बंधूची कन्या, जिला घरांत आम्ही सारे चिमणी म्हणतों, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, तुमची परवानगी हवी आहे." चिमणी बी. एस्‌सी. झालेली. तिनें पुढें एम्. एस्‌सी. करावें अशी सर्वांची अपेक्षा. परंतु तिला लॉ कॉलेज रस्त्यावरील फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभिनयवर्गाच्या प्रवेशपरीक्षेस बसावयाचें होतें. बंधूनें वर्तमानपत्र तोंडासमोर धरलें, भावजय स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभी राहिली, आणि नव्वदीला टेकलेल्या आमच्या आईनें खाटेवरूनच विचारलें, "नाटकांत का?"

"आठ दिवसांनीं सांगतों," मी म्हणालों. उत्तर येत नसलें कीं 'उद्यां पाहूं' म्हणावयाचें, ही मास्तरांची जुनी खोड आहे.

त्या आठ दिवसांत मीं कपाटांतून दुर्गाबाई खोटे यांचें १९८२ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र पुन्हा काढलें. पहिल्यांदा वाचलें तेव्हां त्यांत मला चित्रपटांच्या गमतीजमती दिसल्या होत्या. या वेळीं मी मुलीच्या घरचा माणूस म्हणून वाचीत होतों.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ सालचा. वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईंतील नांवाजलेले सॉलिसिटर. मुलगी कॅथीड्रल शाळेंत आणि सेंट झेवियर कॉलेजांत शिकलेली. सासर खोट्यांचें, मोठें व श्रीमंत. परंतु पुढें ती श्रीमंती ओसरली. पदरीं दोन मुलगे, आणि हातीं पैसा नाहीं. अशा स्थितींत १९३१ सालीं त्यांनीं 'फरेबी जाल' या चित्रपटांत एक लहानसें काम पत्करलें. जाहिरातींत अभिनयाचा उल्लेख बाजूला राहिला, आणि लाडांची कन्या व खोट्यांची सून ही ओळखच पुढें करण्यांत आली. चित्रपट पडला आणि समाजांत टीकेचा भडिमार झाला. दोन्ही कुलांचें नांव बाईनें घालविलें, असा निकाल लोकांनीं देऊन टाकला. निकाल देणाऱ्यांपैकीं त्या मुलांच्या दुधाचा खर्च किती जणांनीं विचारला असेल, हें सांगावयास नको.

पण शांताराम बापूंनीं त्यांना प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या चित्रपटांत तारामतीची भूमिका दिली. पहिला मराठी बोलपट तो हाच. तो १९३२ च्या फेब्रुवारींत मुंबईस लागला. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. त्या काळीं दुसऱ्याच्या गळ्यानें गाण्याची सोय नव्हती. नटीला स्वतःच गावें लागे. तारामती पाहून तेच लोक शांत झाले. गंमत अशी कीं, हीच हरिश्चंद्राची कथा घेऊन दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं पहिला चित्रपट काढला, तेव्हां तारामतीसाठीं स्त्री मिळाली नव्हती, आणि साळुंके नांवाच्या पुरुषानें ती भूमिका केली होती. एकोणीस वर्षांनीं त्याच तारामतीला खरी स्त्री मिळाली. त्याच फाळक्यांच्या नांवाचें पारितोषिक पुढें १९८३ चें म्हणून दुर्गाबाईंना दिलें गेलें.

प्रभात कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आली. १९३६ च्या 'अमरज्योती'त दुर्गाबाई सौदामिनी झाल्या. पोटच्या मुलाचा ताबा न्यायानें नाकारला म्हणून समुद्रावर चांचेगिरी करणारी ती राणी. हें चित्र आमच्या पुण्यांत, प्रभातच्या आवारांत तयार झालें. त्याच आवारांत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि आमच्या चिमणीला जावयाचें होतें तें तेथेंच. एकाच कंपनीला बांधून न घेतां त्यांनीं अनेक कंपन्यांत कामें केलीं. 'भरतमिलाप'मध्यें त्या कैकेयी होत्या, १९६० च्या 'मुगल-ए-आझम'मध्यें जोधाबाई. आमच्या आईनें तो पाहिला होता. मीं नांव घेतांच ती म्हणाली, "ती सलीमची आई ना? किती घरंदाज दिसते!" घरंदाज दिसतें तें नाटक कीं खरें, हा प्रश्न मीं आईपुढें काढला नाहीं.

मी मॅट्रिक झालों आणि नंतर पाठशाळेंत गेलों, म्हणून माझी पहिली धांव संस्कृत ग्रंथांकडे. अमरकोशांत नटाला 'जायाजीव' असा एक शब्द आहे. बायकोच्या जिवावर जगणारा, असा त्याचा अर्थ. तीस वर्षें मीं तो मुलांकडून हंसत हंसत पाठ करून घेतला. परंतु भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत कैशिकी वृत्तीचा प्रसंग आहे. ही सुकुमार वृत्ति केवळ पुरुषांकडून साधणार नाहीं, असें भरत ब्रह्मदेवाला सांगतो, आणि ब्रह्मदेव त्यासाठीं अप्सरा निर्माण करतो. म्हणजे बायकांवांचून नाट्य पुरें होत नाहीं हें शास्त्रानें आरंभींच मान्य केलें. तो अध्यायहि मी शिकवीत होतों. पण घरांत मला सोयीस्कर शब्द आठवला तो अमरकोशांतलाच.

हें मला आतां सांगावेंच लागेल. १९८० सालीं माझी धाकटी बहीण कॉलेजांत होती. स्नेहसंमेलनांत खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तील एक अंक करावयाचा ठरला आणि तिला आनंदीबाई मिळाली. वडील नुकतेच वारले होते. मी तेवीस वर्षांचा, नवा मास्तर, आणि घराचा कर्ता. शनिवारवाड्यापासून हांकेच्या अंतरावर राहणाऱ्या मुलीनें आनंदीबाई व्हावें यांत खरें तर नवल नव्हतें. 'ध'चा 'मा' आमच्या पेठेंत लहान मुलेंहि जाणतात. पण मला पुढें येणारीं स्थळें दिसत होतीं. मीं नाहीं म्हटलें. ती एक शब्दहि बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मैत्रिणीची आणलेली नऊवारी घडी करून तिनें परत दिली. पुढें तिचें लग्न झालें, ती नागपुरास गेली, मुलें मोठीं झालीं. चव्वेचाळीस वर्षांत तो विषय आमच्यांत निघाला नाहीं.

दुर्गाबाईंनीं हीच आनंदीबाई मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर केली. समोर राघोबा म्हणून नानासाहेब फाटक. 'राजमुकुट'मध्यें त्याच दोघांनीं मॅकबेथच्या कथेंतले राजाराणी उभे केले. चित्रपटांत एवढें नांव मिळाल्यावरहि बाई रंगभूमीवर पुन्हा पुन्हा येत राहिल्या. १९६१ सालीं दिल्लीच्या मराठी नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. १९९१ सालीं त्या वारल्या. ज्या समाजानें एकेकाळीं त्यांना वाळींत टाकल्यासारखें केलें, त्याच समाजाच्या मासिकांनीं त्यांचे फोटो छापले. माझ्या बहिणीवर टीका करावयास समाजाला संधीच मिळाली नाहीं; ती कामगिरी मीं घरच्या घरीं उरकली.

सहाव्या दिवशीं बहीण सुटीसाठीं आली. दुपारीं मी आंत पाणी प्यावयास गेलों, तों स्वयंपाकघरांत ती चिमणीजवळ बसून चिंचा फोडीत होती आणि बोलत होती. आवाज मात्र तिचा नेहमींचा नव्हता. आनंदीबाईचें भाषण होतें तें; एकहि शब्द न अडखळतां चाललेलें. मी दाराशींच थांबलों. भाषण संपल्यावर चिमणीनें विचारलें, "आत्या, हें केव्हां केलंत तुम्ही?"

"केलंच नाही गं," बहीण म्हणाली, "नुसतं पाठ केलं होतं."

मी पाणी न पितांच परतलों. त्या रात्रीं चिमणीला बोलावून परीक्षेच्या फीचे पैसे दिले. वडिलांना काय सांगावें, असें तिनें विचारलें. 'काकांनीं सांगितलें म्हणून सांग,' एवढेंच म्हणालों. बंधूनें आजतागायत माझ्याशीं याविषयीं अक्षर काढलेलें नाहीं, पण त्याचें वर्तमानपत्र थोडें खालीं आलें आहे.

परवां सकाळीं चिमणी आणि मी लॉ कॉलेज रस्त्यानें फिरावयास गेलों असतां इन्स्टिट्यूटच्या फाटकाशीं थांबलों. पहारेकऱ्यानें काम विचारलें. काम कांहींच नव्हतें, म्हणून बाहेरूनच झाडें पाहून परत फिरलों. घरीं आलों तों नागपुराहून बहिणीचा फोन.

"दादा, तिला परीक्षेत काही म्हणून दाखवावं लागतं का रे?"

"लागत असावें," मी म्हणालों.

"मग तिला सांग, आनंदीबाईची माझी नक्कल अजून आहे. ट्रंकेत तळाशी. शाई थोडी उडाली आहे, पण वाचता येते. उद्या पोस्टानं पाठवते."

मीं बरें म्हटलें आणि पत्ता सांगूं लागलों. पत्ता तिला ठाऊक होताच.