डाळिंबी

आजीची पैठणी यंदा घड्यांवर फाटायला लागली. वर्षानुवर्षं त्याच रेघेवर मोडत आलेलं रेशीम शेवटी तिथंच तुटतं. पदराची जर अजून शाबूत आहे, पण अंगाचं डाळिंबी कापड हात लावताच विरतं. आईला तो रंग कागदावर उतरवून हवा होता: एक प्रत तिच्यासाठी, एक नागपूरच्या मावशीसाठी. सकाळी गॅलरीत, थेट ऊन पडत नव्हतं तेव्हा, मी साडीचा फोटो काढला आणि घरच्या इंकजेटवर छापायला घेतला.

पहिली प्रत बाहेर आली ती चक्क राणी रंगाची.

मी लगेच प्रिंटरच्या रंगांच्या खिडकीत गेले आणि मॅजेंटाची पट्टी खाली ओढली. गुलाबीपणा कमी झाला, पण पदरावरची जर हिरवट पडली आणि साडी धरलेला आईचा हात आजारी माणसाचा दिसू लागला. मग सायन वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. साडीचे काठ रामा रंगाचे आहेत. डाळिंबीत लाली आणि रामात सायन, म्हणजे एकमेकांच्या समोरचे रंग. अंग सुधारायला गेलं की काठ बिघडत. पाच-सहा कागद वाया गेले.

आई शेजारी बसून पाहत होती. म्हणाली, "अगं, गुलाबी जास्त नाहीये. पिवळं नाहीच आहे यात."

तिचं बरोबर होतं. माझ्या प्रिंटरच्या शाईत लाल रंग वेगळा नसतो, तो मॅजेंटा आणि पिवळा मिळून होतो. पिवळा गळाला की डाळिंबीचा राणी होतो. मी नोझल चेकचा नमुना काढला. काळ्या, निळसर, गुलाबी रेघा सलग होत्या. पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर दिसतच नव्हत्या. खोलीत अंधार केला, मोबाइलचा पडदा पूर्ण निळा करून त्याचा उजेड कागदावर धरला. निळ्या उजेडात पिवळं काळपट दिसतं. अर्ध्याहून जास्त रेघा तुटलेल्या निघाल्या. महिनाभर प्रिंटर बंद होता, शाई तोंडाशी सुकली होती. हेड क्लीनिंग दोनदा केलं आणि मग थांबले, कारण प्रत्येक सफाईत बरीच शाई वाया जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघा सलग आल्या.

तरीही निऱ्यांमधल्या गडद सावलीवर बोट फिरवलं तर काळं बोटाला लागत होतं. चूक माझीच होती. चकचकीत फोटो पेपर घातला होता आणि सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'प्लेन पेपर'च राहिला होता. माझ्या प्रिंटरमधली काळी शाई पिगमेंटची आहे, साध्या कागदासाठी. चकचकीत कागदात ती मुरत नाही, वरच बसते. कागदाचा प्रकार बदलला की प्रिंटर ती शाई बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळा बनवतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुठल्या कागदावर कुठली शाई किती सोडायची, याचं सगळं गणित त्या एका ओळीवर ठरतं. ती ओळ चुकलेली असताना पट्ट्या सरकवत बसणं म्हणजे तिरक्या भिंतीवर आरसा सरळ लावायला बघणं. मी आधीच्या सगळ्या पट्ट्या शून्यावर आणल्या.

मग उरलं ते थोडंच. प्रती अजून गडद वाटत होत्या, कारण माझ्या लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजळ होता. कोरा कागद शेजारी धरून, पडद्यावरचा पांढरा त्याच्याइतका शांत दिसेपर्यंत उजेड उतरवला. फोटोचा प्रोग्रॅम आणि प्रिंटर दोघंही आपापल्या परीनं रंग सुधारत होते, प्रोग्रॅमला थांबवलं. पूर्ण पान न छापता पदर, काठ आणि आईचा हात येईल एवढाच तुकडा छापत गेले. एका वेळी एकच पट्टी, तीही दोन-तीन अंकांनी. प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलीनं अंक लिहिले. ताजी प्रत पाहून काही ठरवायचं नाही, हेही कळलं. शाई वाळताना रंग सरकतो, म्हणून तुकडे रात्रभर ठेवले आणि सकाळी गॅलरीत साडीशेजारी मांडले. तेच तुकडे आदल्या रात्री ट्यूबलाइटखाली निळसर वाटले होते.

आईनं चौथा तुकडा उचलला. मॅजेंटा उणे तीन, पिवळा अधिक दोन.

एक गोष्ट मात्र कागदाला जमली नाही. त्या रेशमाचा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे साडी हलली की अंगावरून जांभळी छटा धावते. कागद एकाच कोनातला रंग धरू शकतो. तो कोन आईनं निवडला, आजी देवापुढे बसली की खिडकीतून उजेड यायचा तसा.

मी तिला सांगितलं की या रंगीत शाईचे रंगही उन्हात उडतात. काचेआड, खिडकीपासून दूर ठेवायचं. तिनं मान हलवली, प्रत उलटी केली आणि मागे बारीक अक्षरात लिहिलं: आईची पैठणी. अंग डाळिंबी, काठ रामा, हलवली की जांभळी. मावशीच्या प्रतीवरही तेच लिहिलं. मग साडी मलमलीच्या फडक्यात घेतली आणि जुन्या रेघा टाळून, वेगळ्याच जागी घडी घातली.