एकधारी

पँटच्या डाव्या खिशात किल्ल्या आणि किल्ल्यांच्या खाली चाकू, गेली बारा वर्षं हेच चाललंय. बायको विचारते, "कुणाला मारायला निघालायस?" ऑफिसात मात्र कुणाचं पार्सल आलं, केकच्या खोक्याची दोरी सुटेना, की सगळे माझ्यापुढे हात करतात. विमानाने जायचं असलं की तो चेक-इन बॅगेत जातो, बॅग नसली तर घरी राहतो. त्या दिवशी हात सारखा खिशाकडे जातो.

चाकू अण्णांचा, कलमं बांधायचा. राजापूरकडे आमच्या घरी पाऊस लागला की पडवीत कोय कलमांचं काम सुरू व्हायचं. कोयीतून वर आलेलं पंधरा दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस. त्याचा शेंडा उडवायचा आणि मधोमध चार-पाच सेंटिमीटर चीर द्यायची. हापूसची तेवढ्याच जाडीची काडी दोन्हीकडून तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची, सालीला साल भिडवायची आणि वरून पॉलिथिनची पट्टी गच्च गुंडाळायची. सगळा खेळ पाचरीचा. ती सपाट नसेल तर मध्ये फट राहते आणि काडी काळी पडते. अण्णा एका बाजूला एकदाच चाकू ओढत. दुसऱ्यांदा ओढायची वेळ आली तर काडी सरळ अंगणात.

मी दहा वर्षांचा असताना त्यांनी चाकू माझ्या हातात दिला. मी वीसेक काड्या फुकट घालवल्या. माझी पाचर पन्हळीसारखी व्हायची. "डावऱ्याचं काम नाही हे," असा निकाल लागला आणि मला पट्ट्या कापायला बसवलं.

अण्णांचा मोतीबिंदू वाढला तेव्हा चाकू माझ्याकडे आला, आणि तेव्हा कुठे मी तो नीट पाहिला. धार एकाच बाजूने होती, दुसरी बाजू पाटीसारखी सपाट. उजव्या हातात धरला की सपाट बाजू काडीला टेकते आणि काप सरळ जातो. डाव्या हातात सगळं उलटं. म्हणजे माझ्या हाताचा दोष नव्हता, चाकू उजव्यांसाठी घडलेला होता! हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग उजव्या हाताने धरायचास."

तरी मी तो बाळगला. पातं साध्या पोलादाचं, कैरी कापून तसंच मिटलं तर सकाळपर्यंत काळंनिळं होतं. पुसून खोबरेल लावावं लागतं. मिटताना टक असा आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही. पातं अडकवणारी खिटी नसल्यामुळे एकदा ते बोटावर मिटलं, तीन टाके पडले. खंडेनवमीला पाटावर लॅपटॉपशेजारी तोही बसतो, झेंडूचं फूल मात्र त्यालाच मोठं मिळतं.

मागच्या वर्षी ठाण्यात आमच्या गल्लीत सायकलवाला धारवाला आला. निसण्यावर चाकू नीट लागत नव्हता म्हणून मी त्याच्याकडे दिला आणि नेमका फोन आला. फोन ठेवून वळलो तर ठिणग्या सपाट बाजूकडून उडत होत्या. "साहेब, एकीकडची धार पार गेली होती, दोन्हीकडून लावली," असं म्हणून त्याने वर वीस रुपये मागितले. मी दिले. त्याला काय बोलणार?

गणपतीला गावी गेलो तेव्हा चाकू अण्णांपुढे ठेवला. त्यांनी पात्यावरून आडवा अंगठा फिरवला, पालथा करून पुन्हा फिरवला आणि चाकू मिटला.

"खायच्या कामाला बरा झाला," म्हणाले.

त्या चाकूने आता कलम बांधता येत नाही. डाव्या हाताने पेरू मात्र पहिल्यांदाच सरळ कापला गेला.